वाचायला शिकवा, लिहायला नको



1699 साली लंडनमध्ये ख्रिस्ती ज्ञानाच्या प्रसारासाठी एक सोसायटी निघाली. तिच्या प्रेरणेने इंग्लंडात गावोगावी, चर्चच्या आसऱ्याने, गरिबांच्या मुलांसाठी धर्मादाय शाळा सुरू झाल्या. खर्च वर्गणीतून भागे. मुलांना फी नसे, वर अंगावर कपडाही मिळे: बहुधा निळा किंवा करडा, सगळ्यांना एकसारखा, मूल दानावर शिकते आहे हे रस्त्यात लांबून कळावे असा. पुढे वर्षातून एकदा लंडनच्या अशा शाळांतली हजारो मुले सेंट पॉलच्या भव्य चर्चमध्ये एकत्र बसून प्रार्थनागीते गात. 1792 मध्ये हायडनसारख्या थोर संगीतकाराने ते गाणे ऐकले आणि तो हेलावून गेला. गाणे अपूर्वच असणार. पण ती मुले तिथे वर्गणीदारांना दिसावीत म्हणूनही बसवलेली असत, आणि ही गोष्ट मला त्या गाण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

या शाळांत शिकवत काय? धर्माची प्रश्नोत्तरे आणि बायबल वाचता येईल इतके वाचन. मुलींना शिवणकाम. लिहिणे आणि हिशेब मागाहून, काही मुलांनाच. कित्येक ठिकाणी मुळीच नाही. त्यामागे एक ठाम विचार होता. धर्मग्रंथ वाचणारा मजूर नम्र राहील. लिहिता येणारा मजूर मात्र आपल्या जागी राहणार नाही. हॅना मोर या बाईंनी 1789 पासून मेंडिपच्या डोंगराळ मुलखात स्थानिक शेतकऱ्यांचा विरोध सोसून गरिबांसाठी शाळा काढल्या. कळकळीत त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. तरीही गरिबाच्या मुलाला लेखन शिकवायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

काहींना तेवढेही नको होते. बर्नार्ड मँडेव्हिलने 1723 मध्ये या शाळांविरुद्ध एक लांबलचक निबंध लिहिला. मुले शिकली तर कष्टाची कामे स्वस्तात करणार कोण, हा त्याचा रोकडा सवाल. 1807 मध्ये दर पॅरिशमध्ये शाळा असावी असे विधेयक पार्लमेंटात आले, तेव्हा डेव्हिस गिडी या सभासदाने तेच पुन्हा सांगितले: शिकलेला गरीब आपल्या नशिबाचा तिरस्कार करील, राजद्रोही पत्रके वाचील. हेच गृहस्थ पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, म्हणजे विद्येची किंमत त्यांना कळत नव्हती असे नव्हे. विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्ड्सनी फेटाळले.

याच काळात आपल्या देशातून एक कल्पना इंग्लंडला पोहोचली. मद्रासच्या एग्मोरमध्ये गोऱ्या सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक अनाथालय होते. 1789 पासून त्याची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेलने एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीचीच ही तिकडची रीत. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांना ती पटेना, तेव्हा त्याने एका आठ वर्षांच्या मुलालाच लहानांना शिकवायला बसवले. मोठ्याने धाकट्याला शिकवायचे, ही पद्धत 1797 मध्ये त्याने लंडनला छापली, आणि एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले शिकू लागली. मुंबईत 1815 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीनेही आपल्या धर्मादाय शाळांत तीच पद्धत उचलली. पण बेलनेही 1805 मध्ये लिहून ठेवले की गरिबांच्या मुलांना लेखन व हिशेब शिकवावेत, असा आपला प्रस्ताव नाही. ज्याने वाळूवर लिहिणारी मुले पाहिली, त्याने हे लिहावे याचे मला आजही वाईट वाटते.

आता पोर्ट्समथच्या एका चांभाराविषयी. जॉन पाउंड्स लहानपणी गोदीत जहाजबांधणी शिकत होता. पंधराव्या वर्षी तो कोरड्या गोदीत कोसळला आणि जन्माचा अपंग झाला. मग तो जोडे शिवू लागला. आपल्या अपंग पुतण्याला शिकवता शिकवता त्याने आणखी पोरे गोळा केली. त्याच्या चिंचोळ्या दुकानात एकेका वेळी तीस-चाळीस मुले दाटीवाटीने बसत. ज्यांना अंगावरच्या चिंध्यांमुळे दुसरी कुठली शाळा घेत नसे, तीच पोरे त्याला हवी असत. गोदीच्या परिसरात हिंडून, खिशातला गरम भाजलेला बटाटा दाखवून तो त्यांना आणी. वाचन, लेखन, हिशेब, स्वयंपाक, जोडे दुरुस्त करणे, जे त्याला येत होते ते सारे त्याने त्यांना दिले. त्याच्याकडे वर्गणीदार नव्हते, गणवेश नव्हता, आणि किती शिकवायचे हे ठरवणारी कमिटीही नव्हती. 1 जानेवारी 1839 रोजी तो वारला. पुढे एडिंबरोच्या थॉमस गथ्रीने त्याचे चित्र पाहिले आणि त्यातून प्रेरणा घेऊन फाटक्या मुलांच्या शाळांसाठी आवाज उठवला. 1844 मध्ये लंडनला अशा शाळांचा संघ उभा राहिला. या शाळांत शिक्षक बहुतेक स्वयंसेवक, आणि काही ठिकाणी शिक्षणाबरोबर जेवणही मिळे, कारण उपाशी मूल शिकत नाही हे त्या लोकांना रोज दिसत होते.

इंग्लंडचे सरकार जागे झाले ते 1870 च्या शिक्षण कायद्याने. 1880 मध्ये तिथे दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली आणि 1891 मध्ये बहुतेक प्राथमिक शाळांतली फी गेली.

मधल्या 1882 सालाकडे लक्ष द्या. त्या वर्षी आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनला निवेदन दिले: किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्यांची मागणी दयेची नव्हतीच. सरकारी तिजोरीतला मोठा हिस्सा रयतेच्या घामाचा आहे आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असा त्यांचा हिशेब होता. पैसा ज्याचा, मूल त्याचेच. मग त्याने किती शिकावे हे ठरवणारा तिसरा कोण?

1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात विधेयक आणले, ते बऱ्याच अंशी इंग्लंड-आयर्लंडच्या कायद्यांवरूनच बेतलेले. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच; आणि महिना दहा रुपयांहून कमी मिळवणाऱ्या बापाला फी नाही. मागणी इतकी माफक होती. मार्च 1912 मध्ये मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने 13 मते पडली, विरुद्ध 38.