तारण : कमाई की देणगी?

मनुष्याच्या मनात मुक्तीची इच्छा उत्पन्न झाली म्हणजे तिच्या पाठोपाठ एक प्रश्न हटकून येतो. यासाठी काय करावे? व्रते आचरावी, तीर्थे हिंडावी, दान द्यावे, की ज्ञान संपादावे? ख्रिस्ती शास्त्रातही हा प्रश्न विचारलेला आहे. फिलिप्पै नगरीच्या तुरुंगाचा नायक मध्यरात्रीच्या भूकंपानंतर पौल व सीला या आपल्याच बंदिवानांपुढे थरथर कापत येतो आणि तारणासाठी आपण काय करावे, असे विचारतो. ही कथा प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. त्याला व्रत सांगण्यात येत नाही, प्रायश्चित्तही सांगण्यात येत नाही. प्रभू येशूवर विश्वास ठेवण्यास तेवढे सांगण्यात येते. त्याने करावयाचे विचारले आणि त्याला स्वीकारावयाचे सांगितले गेले. ख्रिस्ती शुभवर्तमानाचे सारे मर्म या एका फरकात साठवले आहे.

शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी. बातमी ही घडून गेलेल्या गोष्टीची असते. ऐकणाऱ्याने ती घडवावयाची नसते. ही बातमी अशी की, पापामुळे देवापासून दुरावलेल्या मनुष्याला स्वतःच्या बळावर परत येता येत नव्हते, म्हणून देवच ख्रिस्ताच्या रूपाने त्याच्याकडे आला. त्याने वधस्तंभावर मनुष्याच्या पापाचा भार सोसला आणि तो मरणातून उठला. मराठीत ‘तारण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. व्यवहारात तारण म्हणजे ऋणकोने धनकोपाशी ठेवलेली जिन्नस. शुभवर्तमानात हा व्यवहार उलटा होतो. तेथे ऋणको रिकाम्या हातांनी उभा असतो आणि त्याच्यासाठी तारण देतो तो धनकोच.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत पुष्कळांच्या परिचयाचा आहे; पण त्यातील एक बारकावा सहसा ध्यानात येत नाही. सर्वस्व गमावून घरी निघालेला मुलगा वाटेत बोलावयाचे शब्द जुळवून ठेवतो. आपण पुत्र म्हणवून घेण्यास योग्य उरलो नाही, तेव्हा आपणास मजुरांपैकी एक करावे, असे तो बापाला विनवणार असतो. म्हणजे परत येतानाही त्याच्या मनात मजुरीचा हिशोब आहे. गमावलेली जागा त्याला कष्टाने फेडून मिळवावयाची आहे. बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. मुलगा अपराध कबूल करतो, पण मजुरीचे वाक्य त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच बाप उत्तम झगा आणि अंगठी आणण्याची आज्ञा देतो. पश्चात्ताप ऐकून घेतला जातो. मजुरीचा करार मात्र होतच नाही.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा आहे, असे कोणास वाटेल. तो आयुष्यात किती खोल जातो, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसते. रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे सारे कुटुंब घेऊन तीर्थामागून तीर्थ हिंडत, पुराणे सांगत आणि व्रते आचरीत. मद्रास इलाख्यातील दुष्काळात उपास, जप व दान करूनही या घरावरील संकट टळले नाही. आई, वडील व बहीण थोड्याच काळात निवर्तली. पुढे रमाबाई भावासह पायी देशभर फिरल्या. कलकत्त्यास विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यानंतर भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच पतीही गेले. पदरी लहान मुलगी मनोरमा राहिली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे कार्य त्यांनी पाहिले. या स्त्रियांची इतकी आस्था बाळगण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. समाजाने दूर लोटलेल्या त्या बाईशी ख्रिस्त विहिरीवर बोलतो आणि तिला जीवनाचे पाणी देऊ करतो. या कथेने रमाबाईंचे अंतःकरण ओढले गेले. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या एका ग्रंथाने त्यांच्या बुद्धीचे समाधान केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

कथा येथेच संपली असती, तर ती एका धर्मांतराची कथा ठरली असती. पुढे रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन हिंदुस्थानातील विधवांसाठी साहाय्य मिळविले आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. विद्या होती, विधी झाला होता, सत्कर्मात तर उणीव नव्हती. तरीही मनाला शांती नव्हती. आपल्या आत्मकथनात त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्याबरोबर आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. कित्येक वर्षे उपदेशकाचे काम केल्यावर, १८५१ मध्ये, व्यासपीठावरून स्वतःच उपदेश करीत असता हॅस्लमचे हृदय पालटले होते. ते वाचून रमाबाईंना आपली स्थिती उमगली. तीर्थे आणि व्रते यांच्या जागी त्यांनी विधी आणि सेवा ठेवल्या होत्या; हिशोबाची वही तेवढी बदलली होती. आता त्यांनी ती वहीच मिटली आणि जसे आहोत तसे स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिले.

ख्रिस्ती परिभाषेतील ‘विश्वास’ या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो. एखादे मत मान्य करणे एवढाच तो नव्हे. बुडणाऱ्याने हातपाय मारणे थांबवून सोडविणाऱ्याच्या हाती स्वतःला द्यावे, तसा तो आहे. मराठी मनाला हे अगदी परके नाही. संतांनीही कृपेची महती गाइली आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत.

मग सत्कर्मांना किंमत नाही काय? या प्रश्नावर ख्रिस्ती जगतातच शतकानुशतके वाद झाला. सोळाव्या शतकात कॅथलिक व प्रॉटेस्टंट वेगळे झाले, त्यातील हा एक मुख्य मुद्दा होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. देव मनुष्याचा स्वीकार करतो तो त्याच्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने. आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे होत, असा त्याचा आशय आहे. फळामुळे झाडाला मूळ फुटत नाही. पण मूळ जिवंत असले की फळ धरते. याकोबाच्या पत्रातही कर्मांवाचून विश्वास निर्जीव ठरविला आहे, तो याच अर्थाने.

रमाबाईंच्या बाबतीत हे फळ लवकरच दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रम उभा राहिला. त्याचे नाव ‘मुक्ती’. या कार्यावर टीकाही झाली. त्यापूर्वीच, १८९३ मध्ये, शारदासदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात या कारणावरून न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. अन्न देणाऱ्या हाताने धर्मही द्यावा काय, हा त्या टीकेतील प्रश्न टाकाऊ नव्हता. त्याचे माप शुभवर्तमानातच आहे. जी वस्तू देणगी आहे ती कोणावर लादता येत नाही, आणि भाकरीच्या मोबदल्यातही देता येत नाही; तसे केले की ती देणगी राहत नाही, पुन्हा सौदा होतो.

केडगावास रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते वाचता यावे, म्हणून त्यांनी भाषा साधी ठेवली. छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील मुलीच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीचा अखेरचा परिश्रम अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांसाठी होता. कृपेच्या दारात त्या बायकांना जी जागा होती, तीच या पंडितेलाही होती; आणि हे कळावयास स्वतः रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षे लागली होती.