मैत्रेयीचा वाटा

(मठाच्या वर्धापनदिनी लिंबायत, सुरत येथे झालेले व्याख्यान)



बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद आपण सर्वांनी कथाकीर्तनांतून ऐकलेला आहे. गृहस्थाश्रम सोडून निघालेल्या पतीस मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी अमृतत्व लाभेल काय? नाही, असे उत्तर येताच ती धन दूर सारून ज्ञान मागते. या त्यागाची थोरवी सर्वत्र गायिली जाते. परंतु संवादाच्या आरंभाकडे पुष्कळदा लक्ष जात नाही. घर सोडण्यापूर्वी याज्ञवल्क्यांनी मैत्रेयी व कात्यायनी या दोघींची वाटणी करून देण्याचे योजिले होते. वाटा आधी पुढे ठेवला गेला, त्याग नंतर घडला. जे कधी हाती दिलेच नाही, त्याचा त्याग कोणी कसा करावा?

हा प्रश्न लिंबायतला परका नाही. येथील पुष्कळ कुटुंबे धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडधंद्याच्या आश्रयाने सुरतेस आली. कित्येक भगिनी घरबसल्या साड्यांना लेस लावून, खडे चिकटवून संसारास हातभार लावतात. गावी वडिलांची शेती असते. वडील निवर्तले की बोलावणे येते, हक्कसोडपत्रावर सही होते आणि साडीचोळी देऊन बहिणीची बोळवण होते. यास भावावरील माया म्हणतात. ती माया खोटीच असते असे नव्हे. परंतु ‘सही केली नाही तर माहेर तुटेल’ हे भय जेथे पाठीशी उभे असते, तेथे दान घडत नाही. दानास स्वेच्छा लागते.

मुलीचा वाटा ही धर्मबाह्य कल्पना आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरांची मिताक्षरा पाहावी. वारशाने आलेले व वाटणीत मिळालेले धनही तीत स्त्रीधनात गणिले आहे. तथापि वडिलोपार्जित मिळकतीत मुलास असलेला जन्मसिद्ध हक्क त्या परंपरेने मुलीस दिला नव्हता, ही उणीवही प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ती कायद्याने क्रमाक्रमाने भरून काढली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्शाची वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला जन्मतः हक्क दिला, परंतु तत्पूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने तोही भेद मिटविला. आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

कायद्याने दार उघडले. उंबरठा मात्र घरच्यांनीच ओलांडू द्यावयाचा असतो. म्हणून भावांनी आधी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लावावे. जमीन किती व तिचा हिस्सा कोणता, हे तिला सांगावे. कागद तिला वाचून दाखवावा, विचारास अवधी द्यावा, आणि तिने नकार दिला तरी दिवाळीचे बोलावणे चुकवू नये. पुरुष भक्तांनी हे आचरिले, तर मातृपूजनाच्या शब्दांस अर्थ येईल.

मग तिने वाटा ठेवला तर ती कात्यायनी, आणि आपखुशीने सोडला तर मैत्रेयी. दोघीही याज्ञवल्क्यांच्या घरच्याच.