कानातला सोबती



वर्गात पाढे एका सुरात चाललेले असतात तेव्हा तोतरे बोलणारा मुलगा ओळखू येत नाही. सर्वांच्या आवाजाबरोबर त्याचीही वाणी निर्वेध चालते. त्याच मुलास एकट्याने उभे राहून नाव सांगावयास लावले की, पहिल्याच अक्षरापाशी तो अडतो. सोबतीच्या आवाजाचा हा गुण वाचातज्ज्ञांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंगावर बाळगावयाची काही उपकरणे याच अनुभवावर आधारलेली आहेत.

१९५० साली बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. स्वतःचाच आवाज किंचित विलंबाने कानी पडला, तर अस्खलित बोलणारा मनुष्यही अडखळू लागतो. नवल असे की, पुष्कळ तोतऱ्यांना हाच विलंब उपकारक ठरतो! पुढे १९७० नंतरच्या दशकात एडिंबरो येथे एक निराळे उपकरण निघाले. गळ्याशी लावलेला ध्वनिग्राहक बोलणे सुरू होताच कानात गुंजन सोडी, आणि बोलणाऱ्यास स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. २००१ साली अमेरिकेत ‘स्पीचईझी’ हे श्रवणयंत्राएवढे साधन बाजारात आले. ते आपलाच आवाज किंचित उशिरा व बदललेल्या पट्टीत ऐकविते. जणू कोणी दुसरा आपल्याबरोबर बोलत आहे. आता मोबाइल फोन आणि कर्णयंत्र यांच्या साहाय्यानेही हे साधते.

तथापि हा रामबाण उपाय नव्हे. कोणास पुष्कळ गुण येतो, कोणास थोडा. काहींच्या बाबतीत तो कालांतराने ओसरतो. शिवाय यात एक मूलभूत अडचण आहे. यंत्र प्रतिध्वनी देते तो उमटलेल्या आवाजाचा. ओठ मिटलेलेच राहिले, शब्द घशातच अडला, तर यंत्रही मुके राहते. नेमका तोच क्षण सर्वांत कठीण असतो, आणि त्या क्षणी समोर असतो तो ऐकणारा.

तोतरेपणा हा बुद्धीचा किंवा धैर्याचा दोष नव्हे. मेंदूतील वाणीच्या नियमनाशी आणि आनुवंशिकतेशी त्याचा संबंध आहे. प्रौढांत शंभरात सुमारे एकास तो असतो. म्हणून ‘सावकाश बोल’ असे बजावू नये, त्याचा शब्द आपण पुरा करू नये, नजरही वळवू नये. तो काय म्हणतो इकडे लक्ष द्यावे, कसे म्हणतो इकडे नव्हे. यंत्रास किंमत पडते. या थांबण्यास काहीच पडत नाही.