घरचं क्लीनर: काय चालतं, काय चालत नाही आणि काय कधीच मिसळायचं नाही

इअरफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आजचा विषय साधा वाटेल, पण मधला एक भाग तुम्ही घरी जाऊन सांगायलाच पाहिजे असा आहे.

विषय आहे घरी बनवलेली साफसफाईची द्रव्यं. फरशी पुसायचं, भांडी घासायचं, नळावरचे पांढरे डाग काढायचं, सगळं आलं. तुम्ही म्हणाल, कोड लिहिणारा माणूस मोरी घासायच्या गप्पा कशाला मारतोय? कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. मी पुण्याहून गाडीत बसलो होतो, जालन्याला उतरून गावी जायचं होतं. वाटेत शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुझ्या आईला दवाखान्यात आणलंय, घाबरू नको." असं कुणी म्हणालं की माणूस जास्तच घाबरतो. झालं असं होतं, दिवाळीची साफसफाई चालू होती. आईने संडासात आधी ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकलं. डाग निघेना, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दार लोटलेलं, खिडकी म्हणजे वीतभर झरोका. आई खाली बसून ब्रशने घासत होती. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले, खोकला सुरू झाला आणि श्वासच घेता येईना. नशीब, तिला बाहेर पडायचं सुचलं. रात्रभर ऑक्सिजनवर होती.

आता हे नीट ऐका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली साचतो. आणि आपल्याकडे संडास घासणारी बाई कुठे बसते? खालीच. म्हणजे वायू नेमका तिच्या नाकापाशी.

ॲसिड म्हणजे फक्त बाटलीतलंच असं नाही. व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्व, यातलं काहीही ब्लीचमध्ये घालायचं नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड पण नाही, त्यातून क्लोरामाइन नावाचे वेगळे विषारी वायू निघतात. चुकून झालंच, तर जागा सोडून मोकळ्या हवेत यायचं. डोळ्यांत गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचे. श्वासाला त्रास होत असेल तर थांबायचं नाही, 108 ला फोन लावायचा. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

आई बरी झाली. आणि मी, इंजिनियर माणूस, लागलो कामाला. ठरवलं, घरात केमिकल बंद, आता सगळं नैसर्गिक. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहिले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं, असा फेस आला की वाटलं जिंकलो! मोरीत ओतलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "फेस तर लई आला, पण डाग कुठं गेला?"

डाग तिथेच होता. कारण सोपं आहे. सोडा अल्कली, व्हिनेगर ॲसिड. दोघे भेटले की एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो उडून गेला. खाली काय राहिलं? सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ विरघळलेलं पाणी. म्हणजे दोन कामाच्या वस्तू घेऊन मी एक बिनकामाची वस्तू बनवली. सोडा वेगळा वापरा, तेलकटपणा घासायला चांगला. व्हिनेगर वेगळं वापरा, क्षाराचे डाग काढायला चांगलं. एकत्र नको.

त्यानंतर मी अजून मोठा पराक्रम केला. आजीच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या घरांत दिसते ना, करड्या रंगाची, उन्हाळ्यात गार राहणारी. मी लिंबूसत्वाचं घट्ट पाणी केलं, तिच्यावर ओतलं आणि तासभर ठेवलं. पुसल्यावर बघतो तर मधोमध ताटाएवढा पांढरट, खरबरीत डाग. फरशीची चकाकी गेली ती गेलीच. आजी काही बोलली नाही, नुसता हात फिरवून बघितला. ते जास्त लागलं.

का झालं? आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. नळावर, बादलीला, गिझरला जो पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिडमध्ये तो विरघळतो. आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, तोही कॅल्शियम कार्बोनेटच! कडप्पा, संगमरवर, सगळ्यांची तीच गत. नळ साफ करणारी जी रिॲक्शन, तीच फरशी खाणारी रिॲक्शन. ॲसिडला काय माहीत, हा डाग आहे का आजीची फरशी आहे?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. "नैसर्गिक का केमिकल" हा प्रश्नच चुकीचा आहे. लिंबूही केमिकल आहे, राखही केमिकल आहे. प्रश्न असा विचारायचा: डाग कशाचा आहे, तो कशावर आहे, आणि कशाने निघेल? एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आता जे आमच्या घरात खरोखर टिकलं, ते सांगतो.

पहिलं, रिठा. किराणा दुकानात मिळतो. पंधरा-वीस रिठे घ्या, बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. त्यात सॅपोनिन असतं, तेच तेल-मातीला पाण्यात सोडवतं. आपल्याकडे याचा खास फायदा आहे. साधा साबण जड पाण्यात कॅल्शियमशी जुळून चिकट थर तयार करतो, कपड्यांवर राखाडी छटा येते ती त्यामुळेच. रिठ्याचा असा थर बसत नाही. रोजची कमी तेलकट भांडी, रेशमी साडी, लोकरीचे कपडे, दागिने, यांना उत्तम. पण डोळ्यात गेलं तर खूप झोंबतं. आणि टिकत नाही, फ्रिजमध्ये आठवडाभर, मग वास येतो. थोडंच करायचं.

दुसरं, नळ आणि बादलीवरचा पांढरा थर. लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व. फडकं भिजवून नळाला वीस मिनिटं गुंडाळा, घासा, साध्या पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, नळाचा मुलामा खराब होतो. दगडी फरशीवर थेंबसुद्धा नको, माझं उदाहरण समोर आहेच.

तिसरं, तेलकट ओटा आणि कढई. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासायच्या, त्यातलं तत्त्व हेच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलाशी मिळून थोडा साबणच तयार करतं. फक्त ॲल्युमिनियमच्या भांड्याला हा सोडा लावू नका, भांडं काळं पडतं आणि झिजतं. पितळ-तांब्याची देवाची भांडी असतील तर चिंच आणि मीठ, ते तुम्हाला माहीत आहेच.

चौथं, आपल्या जालन्याचं स्पेशल, मोसंबी! जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, बदनापूरला खास मोसंबी संशोधन केंद्र आहे, आणि आपण रस पिऊन सालं उकिरड्यावर टाकतो. त्याचं बायो-एन्झाइम करता येतं. प्रमाण 1:3:10. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम सालं, एक लिटर पाणी. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर जागा रिकामी ठेवा. काचेची बाटली बिलकुल नको. आंबताना वायू तयार होतो, बाटली फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. तीन महिने ठेवायचं. दसऱ्याला घातलं तर संक्रांतीच्या सुमारास तयार. गाळून बादलीभर पाण्यात दोन-तीन टोपणं, टाइल्सची फरशी पुसायला छान.

पण खरं सांगतो, नावात एन्झाइम असलं तरी ते मुख्यतः सौम्य आंबट पाणी आहे, व्हिनेगरचा चुलतभाऊ म्हणा. त्याने सगळे जंतू मरतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरात कुणाला उलट्या-जुलाब लागले असतील, तर तिथे रिठा आणि मोसंबी बाजूला ठेवा आणि ब्लीच वापरा. एकटं, पाण्यात मिसळून, दारं-खिडक्या उघडून. ब्लीच वाईट नाही. आमच्या घरी ते चुकीच्या जोडीदारासोबत पडलं, एवढंच.

आणखी एक कळकळीची विनंती. घरी बनवलेलं काहीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलं, की तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि उंचावर ठेवा. रिठ्याचं पाणी चहासारखं दिसतं, बायो-एन्झाइम सरबतासारखं. घरात लहान मूल असेल तर ते विचारत बसणार नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी झाकणाला लाल फडकं बांधा. ही आयडिया माझी नाही, आजीची आहे.

पैसे वाचले का? थोडे. फार नाही. पाणी मात्र वाचलं. फेसाळ लिक्विडने फरशी पुसली की फेस काढायला अजून दोन बादल्या लागायच्या. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात दोन बादल्या म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

आता आमच्या मोरीच्या दारामागे एक कागद चिकटवलाय. आईनेच लिहिलाय, तिच्या अक्षरात: "ॲसिड आणि पावडर एकत्र नाही. दार उघडं." मागच्या दिवाळीला शेजारच्या काकू आल्या, त्यांनी तो वाचला, फोनमध्ये फोटो काढला आणि घरी जाऊन तसाच लिहिला. मग त्यांच्या जावेने. एवढे व्हिडिओ पाहून मी जे केलं नाही, ते आईच्या दोन ओळींनी केलं.

तर मंडळी, आज एक काम करा. घरी फोन लावा. आईला, मावशीला, जी कुणी मोरी घासते तिला विचारा, "संडासात काय काय टाकतेस गं?" उत्तर नीट ऐका. आणि पुढच्या वेळी घरी गेलात तर ब्रश स्वतःच्या हातात घ्या. खाली बसून घासल्याशिवाय कळत नाही की वास कुठे साचतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!