उजवा डोळा झाकला तेव्हा



१ मे १९९९ला आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला आणि त्याच जूनमध्ये आपण दहावीला आलो. साधा झेलही मला घेता येत नसे. पाणी ओतलं तर पेल्याबाहेर. तुम्ही हसायचात, मीही हसायचो. पुढे पुढे खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गातच बसू लागलो.

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरचा तक्ता पुसट झाला. डावा डोळा ‘आळशी’ निघाला. लहानपणापासून दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक; मेंदूने डाव्याचं चित्र घेणंच सोडलं होतं. त्यामुळे अंतराचा अंदाज कच्चा. चष्म्यानेही आता पुरतं दिसत नाही. ती नोकरी गेली. पण आपण वेंधळे नव्हतो, हे कळलं तेव्हा रडू आलं.

माझ्या मुलीचे डोळे मात्र पाचव्या वर्षीच तपासले. तोच दोष. चष्मा लावला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. ती रडायची, आम्ही गोष्टी सांगायचो. आज ती सुईत दोरा ओवते.

सात-आठ वर्षांच्या आत उपचाराचा गुण सर्वांत चांगला येतो. डोळा तिरळा दिसेलच असं नाही. म्हणून घरातल्या लेकरांचा एकेक डोळा झाकून पाहा. शंका आली तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि संध्याकाळच्या सामन्यात मला गुण लिहायला बसवा. झेल तुम्ही घ्या!