खूण दिसली तेव्हा आपण काय केले?

(न्हावा-शेवा परिसरातील महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गोळीबार हा शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. इथे बसलेल्या काही मावश्यांनी तेव्हा लाठ्याही खाल्ल्या असतील. त्याच्या कितीतरी आधी, २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या सुटल्या. गोळ्या खाल्ल्या लोकांनी, आणि नंतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेही गावकरीच. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्या शिबिरात शिकावे लागले नव्हते.

आज मी दुसऱ्या तऱ्हेच्या गोळीबाराबद्दल बोलणार आहे. एकाच माणसाच्या हातात बंदूक असते, तो माणसे मारतो, आणि मग सगळे म्हणतात, ‘आधीच लक्षात यायला हवे होते.’ हे वाक्य मला फार दिवस छळते आहे. लक्षात आले असते तर आपण काय केले असते? आणि गुन्हा घडायच्या आधी एखाद्यावर बोट ठेवणे हे न्यायाला धरून आहे का?

३१ जुलै २०२३ ची पहाट आठवा. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणाऱ्या सुपरफास्ट गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने सरकारी रायफलीतून गोळ्या झाडल्या, असा गुन्हा नोंदला गेला. त्याचे वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक, आणि तीन प्रवासी मारले गेले. तिघेही प्रवासी मुसलमान. वेगवेगळ्या डब्यांतून माणसे धर्म पाहून निवडली, असे पोलिसांचे म्हणणे आहे. एका बुरखाधारी प्रवासी बाईवर बंदूक रोखून तिला देवीचा जयजयकार करायला लावला, असेही तपासात पुढे आल्याचे छापून आले. हे सगळे आरोप आहेत. त्यांवरचा निवाडा न्यायालयाने द्यायचा, तुम्ही-मी नाही.

पण आज मला त्या गोळ्यांच्या आधीचे तास महत्त्वाचे वाटतात. सोबतच्या सहकाऱ्याने तक्रारीत सांगितलेली हकिगत वर्तमानपत्रांत आली होती. हा कॉन्स्टेबल म्हणत होता, मला बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या. ड्यूटी संपायला थोडाच वेळ आहे, असे त्याला सांगण्यात आले. सहकाऱ्याने त्याची रायफल काढून घेतली, त्याला आडवे व्हायला सांगितले. थोड्या वेळाने तो चिडला, रायफल परत मागू लागला, आणि त्याने सहकाऱ्याचा गळा दाबला. शेवटी रायफल त्याच्याकडे गेलीच.

ही हकिगत खरी असेल, तर त्या तासात कुणाला ‘हा खुनी आहे’ असे ठरवायची गरजच नव्हती. ‘या माणसाच्या हातात आज बंदूक नको’ एवढेच ठरवायचे होते. मैत्रिणींनो, ही दोन वाक्ये वेगळी आहेत. आजच्या माझ्या बोलण्यातून एवढाच फरक घरी न्या.

दोषी ठरेपर्यंत निर्दोष, हे तत्त्व शिक्षेसाठी आहे. शिक्षा द्यायची तर सरकारने पुरावा आणायचा, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळायचा. पण विचारपूस करणे, नोंद करणे, हत्यार बाजूला ठेवणे, बाईला सुरक्षित जागी हलवणे, या गोष्टी शिक्षा नाहीत. त्यांना निवाडा लागत नाही, सावधपणा लागतो.

आपल्याकडे नेमके उलटे होते. घटना घडायच्या आधी, जेव्हा फक्त सावध व्हायचे असते, तेव्हा आपण न्यायाधीश होऊन त्याला निर्दोष सोडतो. ‘रागीट आहे, पण मनाचा चांगला आहे.’ ‘नोकरीचा ताण आहे.’ ‘बाईनेच जरा समजून घ्यावे.’ आणि घटना घडली की तो, त्याचे घर, त्याची जात, त्याचा धर्म, सगळ्यांना एका रात्रीत दोषी ठरवतो.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या सल्ला केंद्रात बसत होते, तिथे एक बाई तीन वेळा आली. तिची ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील मी बदलले आहेत. नवरा एका कंटेनर यार्डात बंदूकधारी रखवालदार. बंदूक त्याच्या स्वतःच्या परवान्याची, दुनळी, म्हणून रोज घरी यायची. पहिल्यांदा ती म्हणाली, मारतो. दुसऱ्यांदा म्हणाली, गळा दाबला. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘ताई, हल्ली तो बंदूक पुसत बसतो आणि माझ्याकडे बघतो.’ मी समाजकार्यात एम.ए. केलेली. केसपेपरवर मी लिहिले, ‘पतीला बोलावून समुपदेशन, समेटाची शक्यता.’ बंदुकीचा शब्दही लिहिला नाही. का? कारण त्याने अजून काही केलेच नव्हते. नुसत्या बघण्यावरून एखाद्यावर आळ कसा घ्यायचा, असे मला वाटले. मी स्वतःला न्याय्य समजत होते.

पंधरा दिवसांनी रात्री त्याने घरात गोळी झाडली. ती पत्र्यातून वर गेली. बाई वाचली, लेकरे वाचली. सकाळी चाळीतली प्रत्येक बाई मला म्हणाली, आम्हाला माहीत होते. आणि लगेच दुसरे वाक्य, ‘हे बाहेरून आलेले लोक असेच.’ म्हणजे त्या एका माणसाबद्दल माहीत होते तेव्हा सगळ्या गप्प, आणि आता हजारो परप्रांतीय कामगारांबद्दल बोलायला सगळ्या तयार. त्याच चाळीत त्याच राज्यातली आणखी चार कुटुंबे होती. त्यांच्या बायका दोन दिवस नळावर आल्या नाहीत.

जुलै २०२४ मध्ये उरणमध्ये एका तरुण मुलीचा खून झाला, तेव्हाही हेच पाहिले. मी नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पकडलेल्या आरोपीवर २०१९ मध्ये त्याच मुलीच्या संदर्भात पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला होता, तो जामिनावर सुटला होता, असे तेव्हा बातम्यांत आले. मोर्चे निघाले, दुःख खरे होते, राग खरा होता. पण बोलणे चटकन आरोपीच्या धर्मावर गेले. जामिनावर सुटलेल्या माणसाची खबर मुलीच्या घराला कोण देते, अटी कोण तपासते, तो पुन्हा फोन करू लागला तर तिने कुणाकडे जायचे, हे प्रश्न मागे पडले. आणि पुढच्या मुलीला उपयोग होईल तो याच प्रश्नांचा.

इथे काही जणी विचारतील, आणि विचारायलाच हवे. ‘आरोपीला निर्दोष मानायचे, म्हणजे बाईला खोटी मानायचे का?’ आपली चळवळ मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या संतापातून वाढली. त्यातूनच १९८३ चा कायद्यातला बदल आला. तेव्हा हा प्रश्न मी हलका मानत नाही. माझे उत्तर असे, की बाईवर विश्वास ठेवायचा तो तिच्यासाठी कामाला लागण्याइतका. आणि आरोपीचा हक्क राखायचा तो शिक्षेच्या वेळी. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. सरकारने त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केले. अपिलाचे काहीही होवो, विचार करा, कुणाची आई, कुणाची बायको एकोणीस वर्षे तुरुंगाच्या दारात फेऱ्या मारत होती. आणि खरे कोण होते ते कळले नाही तर मेलेल्यांच्या बायकांनाही न्याय मिळत नाही.

‘वेडा होता’ हे आणखी एक सोपे उत्तर. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे कुणालाही इजा करत नाहीत. तो शब्द वापरला की आजारी माणसाला उपचार मिळत नाहीत, आणि द्वेषाची, हत्याराची, वरिष्ठांच्या जबाबदारीची चौकशीही होत नाही.

परदेशातले एक उदाहरण सांगते. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टा इथे एका तरुणाने सहा जणांना मारले. बायकांबद्दलचा द्वेष त्याने पानेच्या पाने लिहून ठेवला होता. त्याआधी काही आठवडे घरच्यांच्या काळजीवरून पोलीस त्याच्या दारी जाऊन आले होते. तो सभ्यपणे बोलला, पोलीस परत गेले. बंदुका आतच होत्या. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला, की घरच्यांनी किंवा पोलिसांनी अर्ज केला तर न्यायाधीश काही काळ बंदूक काढून घेऊ शकतो. त्यात कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्या माणसाला आपली बाजू मांडता येते, आणि मुदत संपल्यावर पुन्हा विचार होतो.

आपल्या हातातही काही आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, त्यासाठी आधी शिक्षा व्हावी लागत नाही. त्या रखवालदाराचा परवाना दुसऱ्या राज्यातला होता. अर्ज करता येतो हे मला गोळी सुटल्यावर कळले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण आदेश आहे, आणि निकड असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूने कळवले तर तिच्यावर खटला होत नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. अटी मोडल्या तर लेखी कळवा, जामीन रद्द करण्याची मागणी करता येते.

म्हणून प्रत्येक मंडळात एक वही ठेवूया. बाई आली की चार गोष्टी विचारायच्याच. घरात किंवा त्याच्या हाताशी हत्यार आहे का? त्याने कधी गळा दाबला आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का? ती नुकतीच वेगळी झाली आहे का, किंवा तिने तक्रार केली आहे का? हत्यार आणि गळा दाबणे यांविषयीचे प्रश्न परदेशातल्या परिचारिका आणि कार्यकर्त्याही गेली कित्येक वर्षे विचारत आल्या आहेत. उत्तर तिच्याच शब्दांत लिहायचे, तारीख घालायची. ‘तो मारणार आहे’ असे आपण लिहायचे नाही. ‘तो बंदूक पुसतो आणि माझ्याकडे बघतो’ हे लिहायचे. तिच्या संमतीने पोलीस ठाण्यात लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. वही कुलपात ठेवायची. व्हॉट्सअॅपवर नाव, फोटो, धर्म, गाव काहीही फिरवायचे नाही. आणि घटना घडलीच, तर आरोपीच्या आईच्या, बायकोच्या दारावर दगड पडणार नाही हेही बघायचे. पुष्कळदा पहिली खूण तिलाच दिसलेली असते, आणि दार बंद करून बसलेली बाई कुणाला काही सांगत नाही.

ती बाई आता माहेरी आहे, शिवणकाम करते. मागे भेटली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘ताई, मी सांगितले होते ना, ते तुम्ही लिहायला पाहिजे होते.’ एवढेच म्हणाली.

आता मी थांबते. वहीत पाचवा प्रश्न कोणता असावा, हे तुमच्या तुमच्या गटात बसून ठरवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.