परक्या तुरुंगातला आपला माणूस

(गोवा मुक्तिदिनानिमित्त कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला असे आपण दरवर्षी म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु त्या दिवशी गोव्यासाठी तुरुंगात गेलेले सर्वजण मुक्त झाले नव्हते. मोहन रानडे त्यानंतरही सात वर्षांहून अधिक काळ आणि तेलो मास्कारेन्हस १९७० सालापर्यंत पोर्तुगालच्या कैदेत राहिले. ज्या भूमीसाठी शिक्षा भोगावयाची ती भूमी स्वतंत्र झालेली, शिक्षा देणारी राजवट तेथून गेलेली, आणि कैदी मात्र सहस्रावधी मैलांवर गजाआड, अशी ती विपरीत स्थिती होती. तिच्यातून मार्ग कसा निघाला याचा विचार आज मी मांडणार आहे. कारण परक्या सरकारकडे आपला माणूस मागण्याचा प्रश्न १९६९ साली संपलेला नाही.

रानडे मूळचे सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून ते गोव्यात राहिले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली, पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले, आणि कित्येक वर्षे एकांतवासात काढावी लागली. त्यांचा मार्ग आपला नव्हता. डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात जे आंदोलन सुरू केले आणि नानासाहेब गोरे, मधू लिमये यांनी १९५५ मध्ये जे पुढे नेले, ते सत्याग्रहाचे होते. मधू लिमये यांना १२ वर्षांची शिक्षा झाली होती. ते १९५७ मध्ये सुटले. शस्त्र हाती घेतलेले रानडे मागे राहिले. परंतु कैद्याच्या सुटकेची मागणी करताना त्याचा मार्ग आपल्याला पसंत होता की नाही हा प्रश्न गैरलागू असतो, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी.

अडचण कोणती होती? १९५१ साली पोर्तुगालने घटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. सबब लिस्बनच्या लेखी रानडे हे स्वातंत्र्यसैनिक नव्हते. देशांतर्गत गुन्ह्याचे ते शिक्षा झालेले आरोपी होते, आणि त्यांच्याविषयी दिल्लीने बोलणे हा हस्तक्षेप होता. शिवाय बोलावयाचे तरी कोणामार्फत? दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ मध्येच तुटले होते. ते पुन्हा जुळले १९७४ अखेरीस, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर. मुक्तीनंतर भारताच्या ताब्यात आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ मध्ये मायदेशी परतले. युद्धकैद्यांना देवघेवीचे चलन करावे असे मी म्हणत नाही. परंतु सैनिक गेले आणि रानडे राहिले, ही वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे.

समोरचे दार असे बंद असताना दोन गोष्टी घडल्या. पहिली देशात. सुधीर फडके यांच्या पुढाकाराने रानडे विमोचन समिती उभी राहिली. फडके यांची राजकीय निष्ठा आपल्याहून अगदी वेगळी होती. परंतु दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात १९५४ साली स्वतः उतरलेल्या या गायकाने एका कैद्याचे नाव लोकांच्या विस्मरणात जाऊ दिले नाही, हे ऋण आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट देशाबाहेर. तमिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई १९६८ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना व्हॅटिकनमध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले आणि रानडे यांच्या सुटकेसाठी पोर्तुगालकडे शब्द टाकावा अशी विनंती त्यांनी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सालाझार सत्तेवरून दूर झाले होते व कायतानो त्यांच्या जागी आले होते. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, अण्णादुराईंचे निधन झाले. श्रेय कोणत्या एका कारणाला किती द्यावे हा हिशेब मी करीत बसणार नाही. मला महत्त्व वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. द्रविड चळवळीतून, पुरोहितशाहीच्या विरोधातून वर आलेला एक तमिळ पुढारी, एका मराठी माणसासाठी, कॅथलिक धर्मपीठापुढे विनंती घेऊन जातो! यात कोणाचाही मान गेला नाही. सालाझारशाहीला दिल्लीचे ऐकणे कमीपणाचे वाटले असते. पोपचे ऐकणे वाटले नसते. समोरच्याला सन्मानाने मागे फिरता येईल अशी वाट शोधून देणे, हे परक्या सरकारला करावयाच्या आवाहनाचे मर्म आहे. गर्जनेने सभा जिंकता येते, पण त्या गर्जनेने कुलूप निघत नाही.

याच पोर्तुगालच्या कैदेत अंगोलाचे कवी आणि नेते आगुस्तिनो नेटो होते. २८ मे १९६१ रोजी पीटर बेनेन्सन यांनी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘विस्मृतीत गेलेल्या कैद्यां’वर जो लेख लिहिला, त्यातील सहा कैद्यांपैकी ते एक. त्या लेखातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल जन्मली. तिची मूळ कल्पना साधी होती : सरकारला विस्मृती सोयीची असते, म्हणून नाव घेत राहावे.

आता आजच्याकडे वळू. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी, पाकिस्तानने वकिलातीच्या संपर्काचा हक्क डावलला असा निर्णय देऊन शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले. ते नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु पालघरच्या किनाऱ्यावरून उचल घेऊन गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्या खलाशांची नावे कोणास ठाऊक असतात? २००८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवघेव करतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते. आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार. दोन्हीकडचा गुन्हा एकच : माशांमागे जाताना पाण्यावरची न दिसणारी रेषा ओलांडली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला दिसते ते असे. बोट जप्त झाली तर मालकाचे भांडवल जाते. खलाशी पकडला गेला तर घराची एकुलती मिळकत जाते आणि घेतलेली उचल डोक्यावर राहते. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ७३ सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या अपराधाबद्दल, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. दोन्ही देशांनी हा करार स्वीकारलेला आहे. कैद्यांच्या प्रश्नासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमलेली होती; २०१३ नंतर ती ठप्प झाली. २०१८ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचे तत्त्वतः ठरले, एवढेच.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्यात पकडल्या गेलेल्या खलाशांची यादी आपण स्वतः करावी. त्यांच्या घरी जावे, खासदारांना नावानिशी प्रश्न विचारावयास लावावेत, न्यायाधीशांच्या समितीची मागणी लावून धरावी. आणि हे करताना त्या ८१ जणांचे नावही त्याच श्वासात घ्यावे. इस्लामाबादकडे माणुसकी मागणाऱ्याने दिल्लीकडेही ती मागितली पाहिजे. एरवी आपल्या मागणीला राष्ट्राभिमान म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. त्यांना सोडा म्हणणाऱ्यास कोणी देशद्रोही म्हणेल. म्हणू द्यावे. सत्याग्रहासाठी सरहद्द ओलांडणाऱ्यांच्या पक्षाला त्या शिवीचे भय वाटण्याचे कारण नाही.

रानडे यांची शिक्षा २६ वर्षांची होती; त्यातील तेरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी भोगला. उरलेली वर्षे त्यांना परत मिळाली, कारण त्यांचे नाव घेणारी माणसे होती. २१७ नावे घेण्यास आपल्याला वेळ लागेल. म्हणून आजपासून सुरुवात करावी, एवढीच माझी विनंती आहे.